इमर्जन्सीत जाताना इस्त्रीचा शर्ट

आमच्या ह्यांना हार्ट अटॅक आला तेव्हा ह्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर गिझर लावला.

मी कणीक भिजवत होते. हे पेपर बाजूला ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आले. एक पंजा छातीवर दाबून धरलेला, तोंड पांढरंफटक, कपाळावर घामाचे थेंब. म्हणाले, "जरा दवाखान्यात जाऊन यावं म्हणतो. कालचे वाटाणे बाधले बहुतेक."

मी कणकेचे हात धुतले आणि म्हटलं, "चला."

"असं? दाढी बघ किती वाढलीये."

"अहो, दवाखान्यात निघालोय आपण. मुलगी बघायला नाही."

"म्हणून काय गबाळ्यासारखं जायचं?"

आणि आंघोळ केली. दाढी केली. मानेला पावडर लावली. कपाटातला बारीक रेघांचा पांढरा शर्ट काढला, तर त्याची कॉलर एका बाजूला दुमडलेली निघाली. मग इस्त्री तापवून तेवढी कॉलर सरळ केली. मी पायात चपला अडकवून, पर्स काखोटीला मारून दारात उभी, दात-ओठ खात. ह्या माणसाने सगळी नोकरी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात सरळ रेघा मारण्यात घालवली. त्यामुळे मरायचं झालं तरी सुरकुती चालणार नाही. शेवटी तेल लावून भांग पाडला, आरशात एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून पाहिलं आणि म्हणाले, "हं, आता चल. उगीच घाई करतेस."

पूर्वी असं काही झालं की आम्ही बिबवेवाडीतल्याच एका डॉक्टर जोडप्याकडे जायचो. छोटंसं हॉस्पिटल, खाटा मोजक्या, डॉक्टरीणबाईंचं तोंड फाटकं. पेशंट दारातून आत येतानाच बाई ओरडायच्या, "चेहरा बघा कसा झालाय, आडवे व्हा आधी!" मग शहरात आयटी आलं, जागांना सोन्याचा भाव आला, दोघांची मुलं परदेशी गेली. त्या जागी आता जिम आहे. तिथे धडधाकट माणसं एकाच जागी उभी राहून धावतात. आजारी माणसांनी कुठे जायचं, तर मोठ्या हॉस्पिटलात.

मोठं हॉस्पिटल म्हणजे काय वर्णावं! पुढून बघितलंत तर हॉटेल. काचा, संगमरवर, भिंतीवरून ओघळणारं पाणी, कॉफीचं दुकान, आणि त्याच्या शेजारी लाल बदाम धरलेली कापसाची अस्वलं विकणारं दुसरं दुकान. आजारी माणसाला अस्वल न्यायची पद्धत आमच्या पुण्यात कधी सुरू झाली, देव जाणे. आम्ही आपले शहाळं न्यायचो. काऊंटरवरची कोट घातलेली मुलगी हसून म्हणाली, "सर, इमर्जन्सी मागच्या बाजूला."

मागच्या बाजूला म्हणजे पार्किंगच्या उतारावरून, जनरेटरच्या शेजारून. तिथे हॉटेल संपलं आणि एसटी स्टँड सुरू झाला. दोन्ही भिंतींना लागून ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर माणसं, माणसांच्या पायथ्याशी त्यांचे नातेवाईक आणि नातेवाइकांच्या पायात पिशव्या. एक गृहस्थ स्वतःच्या सलाइनची बाटली स्वतःच्याच हाताने वर धरून बसले होते. हात दुखला की दुसऱ्या हाताने धरायचे. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेला एक तरुण मोबाईलवर आपल्या आजाराची माहिती वाचत होता आणि दर दोन ओळींनी जास्त आजारी होत होता. मोटरसायकलवरून पडलेल्या एकाबरोबर त्याचं अख्खं मंडळ आलं होतं. ढोल तेवढे आणायचे राहिले होते.

आणि ह्या सगळ्यांना मिळून डॉक्टर एक. आमच्या मुलापेक्षाही लहान मुलगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पायात स्लीपर. बरोबर दोन सिस्टर. बाकीचा स्टाफ बहुधा अस्वलं विकायला ठेवला असावा.

डॉक्टरीण ह्यांच्यासमोर आली. "काका, काय होतंय?"

"विशेष काही नाही," हे म्हणाले. "छातीत जरा जड वाटतंय. आपण आधी बाकीच्यांचं बघा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "विशेष नाही काय! घरी घामाने डबडबले होते. छाती धरून उभे होते."

तिने ह्यांच्याकडे पाहिलं. कपाळ कोरडं, मानेला पावडर, गाल गुळगुळीत, भांग रेघेसारखा सरळ. शर्टाची कॉलर तर काय, ताज्या इस्त्रीची.

"चालत आलात, काका?"

"अर्थात! रोज पर्वती चढतो मी," हे म्हणाले, आणि वर माझ्याकडे बोट करून, "ही जरा घाबरट आहे."

सासूबाई गेल्या तेव्हा ह्यांच्याही आधी खांदा द्यायला उभी राहिले होते मी. मी घाबरट! पण डॉक्टरणीचं समाधान झालं. "काका, तुम्ही त्या खुर्चीवर बसा. ईसीजी काढायचाय, मशीन आत एका पेशंटला लागलंय. मोकळं झालं की बोलावते." आणि ती वळली, कारण मागून कोणीतरी तिच्या तोंडासमोर मोबाईल धरला होता.

"मॅडम, साहेब लाइनवर आहेत. बोला."

हे जे मोबाईलवाले होते, ते कुठल्याशा साहेबांचे कार्यकर्ते. सोन्याची साखळी, पांढरे बूट. त्यांच्या पाहुण्याचा पाय जिन्यावर मुरगळला होता. पाहुणा असा काही विव्हळत होता की ऐकणाऱ्याला वाटावं पाय गुडघ्यापासून गेला. डॉक्टरणीने मोबाईल कानाला लावला, "हो सर, हो सर" केलं आणि परत दिला. पाहुण्याला ट्रॉली मिळाली. त्यावर झोपून त्याने आधी चहा मागवला.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. ट्रंक कॉल लावून द्यायचं काम. तिथे आम्हाला आवाजावरून कळायचं की कोणाची निकड खरी आहे. जो दहा वेळा साहेबाचं नाव सांगायचा आणि आरडाओरडा करायचा, त्याला फक्त लग्नाच्या बैठकीची वेळ कळवायची असायची. आणि ज्याच्या घरी कोणी गेलेलं असायचं, तो हळू आवाजात विचारायचा, "ताई, जरा लवकर लागेल का?" आम्ही त्याचा आधी लावायचो. कोणी शिकवलं नव्हतं. इथे पोरगी सात-आठ वर्षं वैद्यक शिकून आलेली, पण तिला कान द्यायलाच वेळ नव्हता. ज्याचा आवाज मोठा, त्याची ट्रॉली.

मी सिस्टरला विचारलं, "निदान आडवं व्हायला तरी जागा द्या हो."

"आजी, वरती बेड रिकामे झाले की ह्या ट्रॉलीवरचे वर जातील. मग ट्रॉली मोकळी होईल, मग काकांना देऊ. वरती बेड नाहीयेत."

बेड नाहीयेत म्हणे. एखाद्या वाण्याने दुकानात साखर नाही म्हटलं तर आम्ही पोत्यात डोकावून बघणारी माणसं. ह्यांना म्हटलं, "इथून हलू नका," आणि तडक जिना चढून वर गेले.

वरचा वॉर्ड शांत. एसी गार. पहिल्याच खोलीत खिडकीजवळच्या बेडवर एक गृहस्थ बसलेले. पँट-शर्ट, पायात मोजे-बूट, शेजारी बांधून ठेवलेली बॅग. टीव्हीवर क्रिकेट. बायको खुर्चीत बसून त्यांना संत्र्याच्या फोडी सोलून देत होती.

"तुम्ही पेशंट?" मी विचारलं.

"होतो," ते म्हणाले. "काल सोडलं आम्हाला. पण इन्शुरन्सवाल्यांचा होकार यायचाय. तो आल्याशिवाय जाता येत नाही."

"म्हणजे तुम्ही बरे आहात?"

"एकदम फर्स्ट क्लास! संत्रं घ्या."

शेजारच्या खोलीतही तीच तऱ्हा. तिथे तर बाई केसात गजरा माळून तयार होत्या. मी तिथल्या सिस्टरला गाठलं. "अहो, इथे ठणठणीत माणसं बूट घालून बेडवर बसलीयेत आणि खाली माझा नवरा छाती धरून खुर्चीवर बसलाय. ह्या बूटवाल्यांना बाहेरच्या सोफ्यावर बसवा आणि आम्हाला तो बेड द्या."

सिस्टर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, "सिस्टिममध्ये बेड भरलेला दाखवतोय, आजी."

"पण मी डोळ्यांनी बघून आले ना!"

"सिस्टिममध्ये मोकळा झाला पाहिजे."

तेवढ्यात मुलाचा फोन आला. तो हिंजवडीत असतो. सकाळी निघतानाच मी त्याला कळवलं होतं, आणि चिरंजीव अजून तिथल्याच चौकात कंपनीच्या बसमागे अडकले होते. मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, बापासाठी रक्त उसळेल. तर म्हणतो कसा, "आई, बरोबर आहे त्यांचं. बिल क्लोज झाल्याशिवाय बेडचं स्टेटस बदलत नाही. आम्ही अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलसाठी असंच केलंय."

"वा! म्हणजे हे तुम्हीच केलंय."

"आई, प्रोसेस असते."

"छान आहे हो तुमची प्रोसेस. बेडचं बदलायच्या आत तुझ्या बाबांचं स्टेटस बदलेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला. एवढं शिकवलं, गणितात पैकीच्या पैकी मार्क आणले, ते ह्यासाठी. बूट घातलेला माणूस आजारी की बरा, हे बघायला ह्या पोरांना अमेरिकेपर्यंत जाऊनही जमलं नाही.

खाली आले. ह्यांच्या खुर्चीवर एक जाडजूड बाई बसल्या होत्या, मांडीवर डबा घेऊन. पेशंट नव्हत्या, पेशंटच्या नणंद होत्या. आणि हे शेजारी भिंतीला टेकून उभे. तोंड राखेसारखं.

"अहो, उठलात कशाला?"

"त्या उभ्या होत्या गं," हे म्हणाले. "बरं दिसत नाही."

तेवढं बोलले आणि भिंतीवरून खाली घसरले. इस्त्रीचा शर्ट भिंतीला घासत वर गोळा झाला, डोकं बाजूच्या कचऱ्याच्या डब्याला लागलं. भांग मोडला.

आणि मग बघा काय चमत्कार झाला! इतका वेळ जी ट्रॉली नव्हती, ती आली. मुरगळलेल्या पायाचे पाहुणे टुणकन उडी मारून उतरले, चहाचा कप हातात घेऊन, दोन्ही पायांवर. ईसीजीचं मशीन आलं. डॉक्टर एकाचे तीन झाले, कुठून आले कोण जाणे. पडदा ओढला. आतून ओरडण्याचे आवाज, मग कसलासा धक्का दिल्याचा आवाज, मग पुन्हा ओरडणं. मी पडद्याच्या बाहेर उभी. माझ्या हातात ह्यांची एक चप्पल होती. दुसरी कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

बऱ्याच वेळाने ती डॉक्टरीण बाहेर आली. म्हणाली, "काकू, इतकं दुखत होतं तर आधी का नाही सांगितलंत?"

मी हातातली ती एक चप्पल नेऊन ह्यांच्या ट्रॉलीखाली ठेवली. आदल्या दिवसापासून ही पोरगी बसलीही नव्हती, हे मला नंतर सिस्टरने सांगितलं. असेल. मला तेव्हा तिची कीव आली नाही आणि आता सांगताना आणायची म्हटली तरी येत नाही. मला राग आहे तो तिला तिथे एकटीला उभी करून पुढच्या दारात भिंतीवरून पाणी सोडणाऱ्यांचा. पण ते मला भेटले नाहीत. भेटली ती हीच.

हे वाचले. वाचले म्हणजे काय, आहेत. टाय लावलेले मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवशी राऊंडला आले, कागदावर हृदयाचं चित्र काढून त्यातला एक भाग पेनाने काळा केला आणि म्हणाले, "हा एवढा भाग गेला. थोडं आधी आला असतात तर वाचला असता."

"आम्ही आलोच होतो," मी म्हटलं. "तुमच्या खुर्चीवर बसलो होतो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

त्यानंतर पर्वती संपली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. रोज पर्वती चढणारा माणूस आता पहिल्या मजल्यावर थांबतो आणि तिथल्या बिऱ्हाडाच्या कुंड्या निरखतो. तुळस बघतो, मोगरा बघतो, मग परत तुळस बघतो. मला दाखवायचं की दम लागलेला नाही, झाडं बघतोय. मीही शेजारी उभी राहून बघते. ती तुळस मला आता पानापानाने पाठ आहे. मनातून इतकं तुटतं की त्या हॉस्पिटलच्या काचांवर एकेक कुंडी फेकावी असं वाटतं.

दिवाळीनंतर एका दुपारी ह्यांना पुन्हा तसंच झालं. जेवून उठले आणि छातीवर पंजा. माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. म्हणाले, "गिझर..."

"गिझरचं नाव काढाल तर बघा!"

अंगात बनियन होती, घरातली, काखेत विरलेली आणि पोटावर दोन भोकं पडलेली. खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. मी त्यावर शर्ट चढवू दिला नाही. दाढी दोन दिवसांची होती, ती तशीच. निघताना एवढंच केलं, की ह्यांच्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून तो जन्मभराचा सरळ भांग विस्कटून टाकला.

"अगं, काय करतेस काय!"

"तुम्हाला जगवतेय. गप बसा."

रिक्षा जनरेटरशेजारून थेट त्या दारापर्यंत नेली. आत तीच गर्दी, तोच एसटी स्टँड. मी ह्यांना हाताला धरून उंबऱ्याच्या आत घेतलं आणि म्हटलं, "आडवे व्हा."

"इथे?" हे म्हणाले. "लोकांसमोर?"

"लोक गेले खड्ड्यात. झोपा खाली."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आजही ते डोळे आठवले तरी जेवण जात नाही. मग हळूच गुडघे टेकले. लेंग्याच्या खिशातून घडी केलेला रुमाल काढला, फरशीवर अंथरला आणि त्यावर डोकं टेकणार, तेवढ्यात मी तो खालून ओढून घेतला. घडीच्या रुमालावर झोपणाऱ्याला कोण ट्रॉली देतो! हे उघड्या फरशीवर आडवे झाले, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले. छातीतल्या कळेमुळे नव्हे. लाज वाटत होती त्यांना.

आणि मी ओरडले. सगळी नोकरी 'नमस्कार, नंबर सांगा' ह्याच्या वर आवाज न चढवलेली बाई मी. अशी काही बोंब ठोकली की बाहेरचा वॉचमन आत धावत आला. साहेबांचं नाव घेतलं, जे साहेब मला माहीतही नव्हते. पेपरात छापून आणीन म्हटलं.

ट्रॉली आली. लगेच आली.

आत जाताना खुर्च्यांच्या रांगेत एक गृहस्थ दिसले. ह्यांच्याच वयाचे, पांढरा शर्ट, कडक इस्त्री, गुडघ्यांवर दोन्ही हात नीट ठेवलेले. शेजारी त्यांची बायको, मांडीवर पर्स. तिने माझ्याकडे ज्या तुच्छतेने पाहिलं ती नजर माझ्या ओळखीची होती. मी ट्रॉली सोडून दोन पावलं मागे गेले आणि वाकून तिला म्हटलं, "अहो, त्यांना खाली झोपवा."

"काहीतरीच काय!" ती म्हणाली आणि पर्स घट्ट धरून तोंड फिरवलं.

आत वायरी लावल्या, सुई टोचली, मशीन सुरू झालं. सिस्टर म्हणाली, "मोठे डॉक्टर येतायत बघायला, दोन मिनिटं." आम्ही दोघंच उरलो. ह्यांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. केस कपाळावर आले होते, बनियनच्या भोकातून वायर बाहेर आली होती.

"कंगवा आणलायस का गं?" हे हळूच म्हणाले. डॉक्टर येताहेत म्हणून.

आणला होता. पर्सच्या आतल्या कप्प्यात, निघतानाच आठवणीने टाकला होता. मी पर्सवर हात ठेवला आणि म्हटलं, "आणलाय. पण आधी ते येऊन तुम्हाला असंच बघून जाऊ देत. मग देते."